नाव आधी देवनागरीत

बारशाच्या दिवशी बाळाच्या कानात त्याचे नाव पहिल्यांदा सांगण्याचा मान आत्याचा असतो. यंदा माघात माझ्या धाकट्या भावाला मुलगा झाला आणि बारशाच्या चार दिवस आधी, इंदूरच्या सुदामानगरातल्या त्याच्या घरी, माझ्या हातात नावांची एक यादी आली. मुलाचे नक्षत्र स्वाती, चरण दुसरे, म्हणून अक्षर 'रे'. तेही जमले नाही तर शेजारच्या चरणांचे 'रू' किंवा 'रो'. यादीत वीस-बावीस नावे होती, सगळी दोन-तीन अक्षरांची, सगळी मोबाइलवरून उतरवलेली, आणि त्यांतले एकही देवनागरीत लिहिलेले नव्हते. प्रत्येक नावापुढे रोमन लिपीतली दोन-तीन स्पेलिंगे होती आणि शेवटच्या रकान्यात अर्थ. सर्वांत वरचे नाव भावजय 'रेयांश' असे वाचत होती, भाऊ 'रियांश' असे, आणि हल्ली थोडे कमी ऐकू येणारी माझी आई त्याला 'रेवांश' म्हणत होती. तासभर चर्चा झाली ती स्पेलिंगात 'ए' एकदा घालावा की दोनदा, 'वाय' ठेवावा की 'आय', याची. नाव उच्चारायचे कसे, हे मी विचारले तेव्हा "ते होईल हळूहळू पक्के" असे उत्तर मिळाले.

ते उत्तर मला लागले, कारण मी गेली अठरा वर्षे याच शहरात प्राथमिक शाळेत शिकवते आणि दर वर्षी नव्या वर्गाची हजेरी घेताना त्याचा परिणाम पाहते. पाच-सहा वर्षांचे मूल बाकावरून उठून "मॅडम, माझे नाव असे नाही" असे सांगते, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे असते ते विसरता येत नाही. काही मुले पहिल्या आठवड्यात दुरुस्त करतात, दुसऱ्या आठवड्यात सोडून देतात, आणि मग शाळेत एक नाव व घरी दुसरे असे जगू लागतात. म्हणून नावाची निवड ही केवळ एका घराची आवड आहे असे मला वाटत नाही. ती शाळेची, नगर निगमाच्या खिडकीची आणि भाषेचीही बाब आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की मराठी घरातल्या मुलाचे नाव आधी देवनागरीत लिहून, मोठ्याने उच्चारून आणि त्याचा अर्थ खरोखर तपासून ठरावे, आणि रोमन स्पेलिंग त्या नावामागून यावे. आज क्रम उलटा झाला आहे.

लहान नावांना माझा विरोध नाही, हे आधीच सांगायला हवे, कारण या विषयावर बोलणाऱ्या वडीलधाऱ्यांचा रोख बहुधा तिकडेच असतो. "आमच्या वेळी पुरुषोत्तम, चिंतामणी, दत्तात्रय अशी भारदस्त नावे असत" असे म्हणणाऱ्यांना आखूड नाव म्हणजे आजचे खूळ वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी व्याकरण कशासाठी शिकावे याची जी प्रयोजने दिली आहेत, त्यांत मुलाचे नाव ठेवणे हेही एक आहे. तिथे याज्ञिकांचा नियम सांगितला आहे: जन्मानंतर दहावा दिवस उलटल्यावर नाव ठेवावे, त्याचे पहिले अक्षर घोष, म्हणजे ग, ज, द, ब यांसारखे, असावे, मध्ये य, र, ल, व यांपैकी एखादा अंतःस्थ असावा, ते वडिलांकडच्या तीन पिढ्यांना धरून असावे, शत्रूच्या घरात रूढ नसावे, आणि नाव दोन किंवा चार अक्षरांचे असावे, कृदन्त म्हणजे धातूपासून झालेले असावे, तद्धितान्त म्हणजे दुसऱ्या नामापासून प्रत्यय लावून झालेले नसावे. पुढे पतंजली म्हणतो की व्याकरणाशिवाय कृदन्त कोणते आणि तद्धितान्त कोणते हे कळणारच नाही. दोन अक्षरांचे नाव ही दोन हजार वर्षांहून जुनी पसंती आहे. आजच्या आईबापांनी त्या नियमातला आखूडपणा तेवढा घेतला आहे. नाव कशापासून झाले हे जाणून घेण्याचा जो भाग पतंजलीला महत्त्वाचा वाटला, तो सोडून दिला आहे.

आमच्या यादीत 'रुद्र' होते. शतपथ ब्राह्मणात त्या नावाची कथाच नामकरणाची आहे. नवजात कुमार रडतो. का रडतोस असे विचारल्यावर, मला नाव नाही, नाव द्या, असे सांगतो. रडला म्हणून रुद्र. मग तो पुन्हा पुन्हा नाव मागतो आणि त्याला शर्व, पशुपती, उग्र, अशनि, भव, महादेव, ईशान अशी नावे मिळत जातात. त्यांतली रुद्र, शर्व आणि ईशान ही आज इंदूरच्या कुठल्याही बालवाडीत सापडतील. यादीत 'रुद्र' पुढे लिहिलेला अर्थ होता 'शक्तिशाली'. तो चुकीचा म्हणता येणार नाही, पण नाव नसल्यामुळे रडणाऱ्या बाळाची ही गोष्ट त्या मुलाला कोणी सांगणार नसेल, तर नावातला निम्मा ठेवा वाया गेला असेच मी म्हणेन.

पूर्वी एका मुलाला एकच नाव पुरवावे लागत नसे. देवतेवरून एक, महिन्यावरून एक, नक्षत्रावरून एक आणि व्यवहारात हाक मारण्यासाठी एक अशी चार नावे शास्त्राने सांगितली होती, आणि ती सगळी पाळणाऱ्या घरांत नसली तरी जन्मनाव वेगळे व व्यवहारनाव वेगळे ही रीत आमच्या आजोबांच्या पिढीपर्यंत सर्रास होती. सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण, म्हणून एकशे आठ चरणाक्षरे. त्यांत हस्ताची पू, ष, ण, ठ आहेत आणि आर्द्रेत ङ सुद्धा आहे. 'ण' किंवा 'ङ' वरून कोणी मुलाला हाक मारीत नसे. ते अक्षर पत्रिकेत राही आणि हाकेचे नाव मोकळे असे. शिवाय घरचे नाव निराळे: बाळू, बंडू, नाना. आता एकाच नावाने पत्रिकेचे अक्षर सांभाळायचे, दोन अक्षरांत बसायचे, वर्गात दुसऱ्या कोणाचे नसायचे, परदेशी माणसाला म्हणता यायचे आणि अंकशास्त्राच्या बेरजेतही उतरायचे. एवढे ओझे एका नावावर टाकले की ते नाव भाषेतून मिळत नाही, ते जुळवावे लागते. आमच्या यादीतली निम्मी नावे अशी जुळवलेली होती.

अर्थाच्या रकान्याबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचे आहे, कारण तिथे आईबापांची सरळ फसवणूक होते. माझ्या वर्गात एका वर्षी तीन आरव होते. तिघांच्याही आयांनी मला अर्थ सांगितला तो 'शांत'. संस्कृतात रव म्हणजे आवाज, आणि आरव म्हणजे आवाज, ओरड, गलबला. मराठी कानाला हे कळायला कोशही लागू नये, कारण पाखरांचा कलरव आपण म्हणतो आणि नीरव शांतताही म्हणतो. शांत असा अर्थ हवा असेल तर ते नाव 'नीरव' आहे, आणि तेही तीनच अक्षरांचे आहे. 'अनय' हे नाव अलीकडे फार आवडते झाले आहे आणि त्याचा अर्थ विष्णू असा सांगतात. नय म्हणजे नीती. अनय म्हणजे अनीती, दुर्वर्तन, किंवा दुर्दैव. एका वडिलांना हे मी सांगितले नाही. मूल सात वर्षांचे होते, नाव लागून गेले होते, सांगून काय साधले असते? ही गोष्ट नाव ठेवण्यापूर्वी सांगण्याची आहे.

गंमत म्हणून नव्हे, खरोखर नवल वाटले म्हणून सांगते, की काही नावांचा कोशातला अर्थ विकल्या जाणाऱ्या अर्थापेक्षा चांगला निघतो. 'अयांश' चा अर्थ प्रकाशाचा पहिला किरण असा छापलेला असतो. तसा तो होत नाही. पण अमरकोशात 'अय' म्हणजे शुभ दैव, आणि म्हणून अयांश म्हणजे सद्भाग्याचा अंश. यापेक्षा मुलासाठी आणखी काय मागायचे? 'विहान' हे पूर्वेकडच्या हिंदी बोलींतल्या 'बिहान' म्हणजे सकाळ या शब्दाचे सजवलेले रूप आहे, आणि छत्तीसगढी शेजाऱ्याला ते लगेच ओळखू येते. 'रेयांश' मध्ये मात्र किरण आणायचा तर तो इंग्रजी 'रे' मधूनच आणावा लागतो. इंग्रजी शब्द आणि संस्कृत 'अंश' यांचा जोड करून तो प्राचीन संस्कृत नाव म्हणून सांगितला जातो. जोड करायला कोणाची हरकत नाही. खोटे वय सांगण्याला आहे.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही विचार करण्यासारखे आहेत. पहिला असा की अर्थाला एवढे महत्त्व कशाला. आमच्या पूर्वजांची नावे तरी कुठे अर्थपूर्ण होती? दगडू, धोंडू, केरू, भिकू ही नावे कोणत्या गौरवाची होती? हा आक्षेप घेणारे त्या नावांमागची कहाणी विसरतात. ज्या घरात मुले जगत नसत, त्या घरात नव्या बाळाला दगड म्हणायचे, धोंडा म्हणायचे, केरात टाकून पुन्हा उचलून घ्यायचे, भीक म्हणून मागून घेतले असे म्हणायचे, म्हणजे मृत्यूची नजर त्याच्यावर पडणार नाही आणि ते दगडासारखे टिकेल, अशी ती धडपड होती. माझ्या आजीचे दोन भाऊ तान्हेपणी गेले आणि तिसऱ्याचे नाव धोंडू ठेवले. तो ऐंशीच्या पुढे जगला. आजी ते नाव उच्चारताना तिचा आवाज बदलत असे. त्या नावाचा शब्दार्थ हलका होता, पण ते ठेवणाऱ्या आईला आपण काय ठेवतो आहोत हे पुरते ठाऊक होते. आजच्या सुंदर अर्थाच्या रकान्यात नेमके हेच नसते. अर्थ छापलेला असतो आणि ठेवणाऱ्याला ठाऊक नसतो.

दुसरा आक्षेप असा की नावे परक्या भाषांतून नेहमीच येत आली आहेत. अगदी बरोबर. मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ पीराच्या नावावरून आपल्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली असे परंपरा सांगते. पिराजी, हैबतराव, फिरंगोजी ही सारी मराठी नावेच आहेत, आणि 'राव', 'जी' लागून ती इतकी आपली झाली की त्यांचे मूळ आता सांगावे लागते. म्हणून कबीर हे अरबी आणि कियान हे फारसी नाव आहे, एवढ्याने मराठी घरात ते ठेवू नये असे मी म्हणणार नाही. उलट माझ्या वर्गातला एक कबीर आपल्या नावाचा अर्थ 'मोठा' असा आणि तो शब्द अरबी आहे असे स्वच्छ सांगतो, तेव्हा मला फार बरे वाटते. त्याच्या घरी नाव समजून ठेवले गेले आहे. नव्याने घडवलेल्या नावालाही माझी ना नाही, घडवणाऱ्याने ते आपण घडवले आहे हे मान्य केले तर.

आता स्पेलिंगाकडे येते. रोमन लिपी आपल्या नावांना पुरी पडत नाही. तिच्यात द आणि ड एकाच अक्षराने लिहितात, त आणि ट एकाच, न आणि ण एकाच, ल आणि ळ एकाच. लांब नावात आजूबाजूची अक्षरे वाचणाऱ्याला सावरून घेतात. पुरुषोत्तम कसाही लिहिला तरी पुरुषोत्तमच वाचला जातो. दोन अक्षरांच्या नावाला असा आधार नसतो. 'वेद' हे नाव रोमनमध्ये लिहिले की तीच तीन अक्षरे 'वेड' अशीही वाचता येतात, आणि मराठीत त्या दोन शब्दांमध्ये किती अंतर आहे हे सांगायला नको. म्हणजे नाव जितके आखूड, तितकी त्याची देवनागरी जपणे अधिक गरजेचे. ही साधी गोष्ट आखूड नावे पसंत करणाऱ्या पिढीने ध्यानात घेतलेली नाही.

इंदूरच्या मराठी माणसाला तर हे विशेष कळायला हवे. आपले शहर आपण इंदूर म्हणतो, हिंदीत ते इंदौर आहे आणि रोमनमध्ये त्याच्या शेवटी एक 'ई' आहे जो कोणीच उच्चारत नाही. आपल्या संस्थानिकांचे होळकर हे नाव हिंदीत होलकर झाले, कारण प्रमाण हिंदीच्या लेखनात ळ नाही, मालवी बोलीत तो असला तरी. काळे आडनावाच्या किती मुलांनी या शहरात 'काले' म्हणून चिडवून घेतले असेल याचा हिशेब नाही. ग्वाल्हेरचे शिंदे हिंदीत आणि इंग्रजीत सिंधिया झाले. आडनावे वारशाने येतात, त्यांचे आपण फारसे काही करू शकत नाही. पहिले नाव मात्र आपल्या हातात असते.

आणि इथे आपल्याला एक सवलत आहे जी बडोद्याच्या मराठी कुटुंबांना नाही. तिथे जन्मदाखल्यावर नाव गुजराती लिपीत उतरते, म्हणजे मराठी नाव पहिल्याच कागदावर दुसऱ्या लिपीत जाते. आपल्याकडे मध्य प्रदेशात दाखल्यावर हिंदी व इंग्रजी असते, आणि हिंदीची लिपी आपलीच लिपी आहे. 'ऋत' हे नाव मराठी माणूस रुत असे म्हणतो, हिंदी माणूस रित असे म्हणतो. 'यज्ञ' मध्ये आपण द्न्य म्हणतो, ते ग्य म्हणतात, बडोद्याला ते ग्नकडे झुकते. रोमनमध्ये लिहायला गेले की लगेच दोन-तीन स्पेलिंगे होतात आणि घरातच वाद सुरू होतो. देवनागरीत ते एकच नाव आहे, प्रत्येकाने आपापल्या जिभेप्रमाणे म्हणावे. अडीचशे वर्षांहून अधिक काळ माळव्यात राहून ही लिपी आपल्याला परकी झाली नाही, हे आपले भाग्य. आणि बाळाच्या नावाची यादी करताना नेमकी तीच आपण बाजूला ठेवतो.

शेवटच्या 'ए' चा प्रश्न वर्गात मला रोज भेटतो. महाराष्ट्रात अथर्व, शौर्य, रुद्र ही नावे रोमनमध्ये शेवटी 'ए' लावून लिहितात, इकडे हिंदी घरांत तो गाळतात. लावला की इंग्रजी माध्यमातली मुले अथर्वा, शौर्या, रुद्रा असे म्हणतात आणि शौर्याला नव्या शिक्षिका मुलीच्या रांगेत शोधतात. गाळला तर पुण्याच्या नातेवाइकांना ते अर्धवट वाटते. मी पूर्वी 'ए' लावण्याच्या बाजूची होते. आता नाही. रोमन स्पेलिंग हे अनोळखी माणसासाठी असते. त्याने ते वाचल्यावर नावाच्या जास्तीत जास्त जवळ जावे, एवढेच त्याचे काम. नावातला पूर्ण स्वर देवनागरीत आहेच.

अंकशास्त्रासाठी वाढवलेल्या अक्षरांबद्दल थोडक्यात सांगते. एक 'एच' जास्तीचा, एक 'ए' तिसरा, यांनी भाग्य उजळते यावर माझा विश्वास नाही. ज्यांचा आहे त्यांच्याशी मी भांडणार नाही. पण ते वाढवलेले अक्षर जन्मदाखल्यावर नसते आणि आधारवर असते, किंवा आधारवर नसते आणि शाळेत असते, आणि त्या एका अक्षरापायी पुढची पंधरा वर्षे त्या मुलाचे वडील शपथपत्रे करीत फिरतात, हे मी पाहिले आहे.

कागदांचे गणित पूर्वीसारखे सैल राहिलेले नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ १८७५ साली बडोद्याला दत्तक गेला आणि एका समारंभाने सयाजीराव झाला. आमच्या वडिलांच्या वेळी गुरुजींनी शाळेच्या रजिस्टरात जे लिहिले तेच नाव होऊन बसे. आज जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातल्या १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीमुळे, त्या दिवसापासून पुढे जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहनपरवाना, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी अशा कामांत जन्माची तारीख आणि स्थळ सिद्ध करणारा कागद जन्मदाखला हाच आहे. मध्य प्रदेशात त्याच्या जोडीला राज्य सरकारच्या 'समग्र' नोंदणीचा नऊ आकडी क्रमांक येतो, मग आधार, आणि प्रत्येक ठिकाणी नाव अक्षराला अक्षर जुळावे लागते. आधारमधले नाव साधारणपणे आयुष्यात दोनदाच बदलता येते. त्यात केंद्रावर रोमन अक्षरे टंकली की देवनागरी रूप पडद्यावर आपोआप उमटते, आणि घाईत असलेले आईबाप ते न वाचताच पुढे सरकतात. माझ्या वर्गात एका मुलाच्या रोमन नावात काहीही चूक नव्हती. देवनागरीत मात्र त्याच्या द चा ड झाला होता आणि दोन वर्षे कोणाच्या लक्षातही आले नव्हते.

या घाईचे मूळ पुष्कळदा प्रसूतिगृहातच असते. माझ्या भावाला घरी सोडण्याच्या दिवशी अर्जावर नाव लगेच लिहा, नाहीतर दाखला अडेल, असे सांगण्यात आले. हे खरे नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे जन्माची माहिती एकवीस दिवसांत द्यायची असते, नावाची नाही. नाव न लिहिताही जन्माची नोंद होते; ते बारा महिन्यांत विनाशुल्क घालता येते, आणि त्यानंतरही पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येते. कायद्याने आईबापांना विचार करायला वर्ष दिले आहे आणि आपण त्यातले पहिले तीन दिवस वापरतो, तेही बाळंतिणीची झोप पुरी झालेली नसताना.

म्हणून माझी मागणी सरकारकडे फार मोठी नाही. नावांवर बंधने घालणारे कायदे मला नकोत. मुलाला काय म्हणायचे हे आईबापांनीच ठरवावे. पण नोंदणीच्या खिडकीवर देवनागरी रकाना आधी भरून घ्यावा, रोमन त्याखाली, आणि सही घेण्यापूर्वी कर्मचाऱ्याने नाव एकदा मोठ्याने वाचून दाखवावे. प्रसूतिगृहांनी नाव नंतर घालता येते हे स्वतःहून सांगावे. शाळांनी प्रवेशाच्या वेळी मुलालाच त्याचे नाव म्हणायला लावून शिक्षिकेला ऐकू द्यावे. माझ्या वर्गात मी ते पहिल्या दिवशी करते आणि त्याला पंधरा मिनिटांहून जास्त वेळ लागत नाही.

मूल उद्या परदेशी जाईल, तिथल्यांना म्हणता यायला हवे, असे भावाने मला शेवटी सांगितले. तो स्वतः नोकरीसाठी तीन वर्षे बाहेर राहून आला आहे आणि त्याचे नाव तिथे रोज मोडले जात होते. त्याची ती बोच खरी आहे, आणि मी ती हलकी मानत नाही. पण म्हणता येणे हे उच्चारावर अवलंबून असते, नाव नवे असण्यावर नाही. देव, नील, जय, ओम, रवी ही जुनी नावे कोणाच्याही तोंडात बसतात. उलट ज्याचा उच्चार घरातच तीन तऱ्हांनी होतो, ते बाहेरच्याला एका तऱ्हेने कसे सांगणार?

त्या रात्री मी यादी घरी नेली आणि प्रत्येक नाव देवनागरीत लिहून काढले. बरीच नावे लिहितानाच गळाली, कारण ती कशी लिहायची हे ठरेना. राहिलेल्यांत रुद्र होते, सूर्यपुत्राचे रेवंत होते. पण माझ्या मनात आईचे चुकून ऐकलेले नाव घोळत होते. रेवा म्हणजे नर्मदा. तिचे पाणी सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून चढवून या शहरात आणतात आणि आमच्या सुदामानगरातल्या नळाला तेच येते. रेवा आणि अंश, आ आणि अ मिळून आ; रेवांश. संधी बरोबर, अक्षर 'रे', अर्थ असा की पहिला पेला पाणी पिताना मुलाला सांगता येईल. भावजयीला ते लगेच पटले. भावाने स्पेलिंग विचारले. 'डब्ल्यू' घातला तर या राज्यात रीवा शहर त्याच स्पेलिंगाने लिहितात, म्हणून लोक रीवांश वाचतील, तेव्हा 'व्ही'. 'ए' एकच. शेवटी 'एस' आणि 'एच'. दहा मिनिटांत ते ठरले, कारण नाव आधीच ठरलेले होते. बारशाला मी पाळण्याशी वाकून ते त्याच्या कानात चारदा सांगितले, आणि सात आठवड्यांनी भावाने नगर निगमात जाऊन अर्जाचा देवनागरी रकाना स्वतःच्या हाताने भरला. आईला मात्र हे सगळे कशासाठी चालले होते ते अजून उमजलेले नाही. ती पहिल्या दिवसापासून त्याला रेवांशच म्हणत होती.